मरियेचे कान

मागच्या नाताळातलं सांगतो. चर्चनं आम्हा दोघा म्हाताऱ्यांना सेवेसाठी दारव्ह्याला पाठवलेलं, आणि तिकडे नगरला आमची लेक नुकतीच बाळंत झालेली. रडू येईल म्हणून बायकोनं दोन दिवस तिला फोनही केला नव्हता. नाताळच्या सकाळी धुक्यात चांदणीचा कंदील विरघळत होता, आणि ही गव्हाणीतल्या मातीच्या बाळाकडे बघत नुसती बसून होती.

तेवढ्यात शेजारच्या शांताबाई आल्या. बाळाशेजारच्या मातीच्या मरियेला बघून म्हणाल्या, "बाळंतीण हाय ना हे? मंग एवढ्या थंडीत कान उघडे काहून?"

घरून कापूस आणून त्यांनी मरियेच्या कानांना लावला, वरून चिंधी बांधली.

मी हसणार, तर बायकोनं फोन लावलेला. नाताळच्या शुभेच्छा वगैरे काही नाही.

"कान बांधलेस का गं?"