अळणीचा नेम

हॅलो?… हो वन्सं, नर्मदाच बोलायलेय. परभणीलाच, दवाखान्यात… न्हाई, तुमचे भाऊ अजून आतच हायेत. दीड घंटा झाला.

…न्हाई, हार्टचं न्हाई. अहो ऐका ना. किडनीला रक्त नेणारी नस बारीक झालीय. ठिबकच्या नळीत क्षार साचतो ना, तशी. किडनीला रक्त पुरंना, म्हणून तीच प्रेशर चढवायलीय… हो, हो, म्हणूनच. चार-चार गोळ्या घेऊन दोनशेच्या खाली येईना ते.

…जांघेतून तार घालून फुगा फुगवणार, मग जाळी बसवणार… एक किडनी आधीच सुकलीय, वन्सं. ही दुसरी. ही गेली तर… हो. सही मीच केली.

…लोणचं? न्हाई, माझ्या लोणच्यानं न्हाई झालं. डॉक्टरला मीच विचारलं. म्हणलं, तीन वर्षं घरात अळणी शिजतंय. यांचं प्रेशर उतरेपर्यंत मीठ तोंडात घालायचं न्हाई, असा माझाही नेम हाय. तर म्हणले, मावशी, मीठ कमी केलं ते चांगलंच, पण त्यानं नस मोकळी होत न्हाई… न्हाई, हसले न्हाईत.

…रडत न्हाई मी. येईनाच रडू.

…मी? जेवले ना. तेच सांगायचं होतं. यांना आत नेलं, अन् शेजारच्या पेशंटच्या बाईनं डबा पुढं केला. पिठलं-भाकर. खाल्ली. अख्खी. मग त्या बाई म्हणल्या, मीठ जास्त तर झालं न्हाई ना?… हो. मोडला नेम. तीन वर्षांचा… अहो, चव कशी कळंल? कशाचीच लागली न्हाई. माती दिली असती तरी खाल्ली असती.

…कुणाला बोलू नका. यांना तर मुळीच न्हाई… देवाला? त्याला काय सांगायचं, त्यानं बघितलंच की.

थांबा, सिस्टर आल्या… हो, मीच त्यांची मंडळी… बसली जाळी?… किती म्हणलात? पुन्हा सांगा, ताई…

वन्सं? एकशे अडतीस म्हणायल्यात… हो, उतरलं. किडनीला रक्त पोचायलंय म्हणे… आनंद? होईल. संध्याकाळपर्यंत होईल.

…उद्यापन? कसलं उद्यापन, वन्सं? प्रेशर उतरायच्या घंटाभर आधीच तर मी… हॅलो?… वन्सं?… हॅलो?