वरचा सा

निवेदिका : थांबा, थांबा, माझा गोंधळ होतोय. हे तुमचे मामा?

भाचा : सख्खे.

निवेदिका : पण तुम्ही तर त्यांच्यापेक्षा मोठे दिसता.

भाचा : दिसत नाही, आहेच. तीन वर्षांनी. माझी आई घरातली थोरली आणि हे शेंडेफळ. लेकीचं लग्न झालं, नातू झाला, आणि मग आजी-आजोबांना यांची आठवण झाली.

मामा : मी जन्मलो तेव्हा हा स्वतःच्या पायांनी चालत मला बघायला आला होता. बघून रडला म्हणे.

भाचा : अहो मामा, तुम्ही माझा पाळणा बळकावलात. रडू नको तर काय करू?

निवेदिका : धाकट्या मामांना अहो?

भाचा : आईची सक्ती. नातं ते नातं. पाळण्यातल्या बाळाला "अहो, ओले झालात का?" असं विचारणारा मी एकटाच असेन जगात.

निवेदिका : बरं. म्हणजे मामा गुरू, भाचा शिष्य. कर्नाटक संगीताची घरंदाज परंपरा, असं सांगते स्टेजवर.

मामा : उलटं आहे हो. मी याचा शिष्य.

निवेदिका : मामा भाच्याचे शिष्य?

मामा : आमचे अप्पा मोठे गवई. त्यांनी आधी या नातवाला शिकवलं. माझ्यापर्यंत येईतो त्यांचा धीर संपला. म्हणाले, तुझ्याशी ओरडून माझा गळा बसला, आता जा भाच्याकडे.

भाचा : पण पुढे पल्लवीची एकच ओळ तासभर कशी फुलवायची ते मामांनी मला शिकवलं. त्या अर्थाने ते माझे गुरू.

निवेदिका : तुम्ही त्यांचे गुरू, ते तुमचे गुरू. मग मी सांगू काय, तुम्ही एकमेकांचे आजोबा आहात म्हणून? आणि कोपऱ्यात तंबोरा लावतायत त्या कोण?

मामा : ती माझी अक्का. म्हणजे याची आई.

निवेदिका : त्या कोणाकडे शिकल्या?

मामा : ती कुठे शिकली! ती तंबोऱ्याला असते.

निवेदिका : ठीक आहे. मी आपली "मामा-भाचे" म्हणते आणि पळते. मंडळी बसली आहेत, तयार राहा.

भाचा : गेली बिचारी. चला मामा, शाल सावरा.

मामा : आज उजवीकडे तू बस.

भाचा : छे! उजवी जागा मानाची. मामा उजवीकडे, भाचा डावीकडे. आयुष्यभर असंच बसलोय आपण.

मामा : मान गेला खड्ड्यात. आज माझं शेवटचं गाणं. यापुढे तू एकटा गा.

भाचा : काहीतरीच काय! कुणी काही बोललं का?

मामा : कुणी बोललं असतं तर परवडलं असतं. गळाच बोलतोय. तो शेवटच्या चरणातला वरचा सा आहे ना, तो लागत नाही मला.

भाचा : लागत नाही? अहो, त्या एका सुरासाठी लोक आपल्याला बोलावतात! मागच्या वेळी इतका लांबवलात की मृदंगवाला वाजवायचं विसरला.

मामा : तो मी नव्हे, तो तू. दोन वर्षं झाली, मी नुसता आ वासतो.

भाचा : पुन्हा सांगा.

मामा : डोळे मिटायचे, हात वर न्यायचा, मान हलवायची आणि आ वासायचा. सूर तू लावतोस, टाळ्या दोघांना. मला लाज वाटते रे आता. रात्रीची झोप गेलीय. एवढ्या मोठ्या गवयाचा मुलगा, आणि फुकटचं तोंड उघडून बसतो.

भाचा : मामा, रडू नका. एक सांगायचं होतं.

मामा : सांग.

भाचा : मीही आ वासतो.

मामा : काय?

भाचा : दोन वर्षांपूर्वी हर्नियाचं ऑपरेशन झालं ना माझं? डॉक्टर म्हणाले, पोटावर जोर नको. म्हटलं मामा आहेत, मी कशाला जोर लावू?

मामा : अरे गाढवा!

भाचा : मी गाढव, तर तुम्ही उंट. "वा मामा", "वा रे भाचा"! दोन वर्षं आपलं अहो रूपम् अहो ध्वनिः चाललंय.

मामा : पण मग गात कोण होतं?

भाचा : व्हायोलिन?

मामा : व्हायोलिन आकार लावतं का? स्वच्छ आवाज होता, माणसाचा. मला तर अप्पांचा वाटायचा. म्हणजे तुझा, पण अप्पांवर गेलेला. अरे, अप्पाच तर नसतील? वरून?

भाचा : तुमच्यासाठी? ते जिवंतपणी तुम्हाला शिकवायला कंटाळले, आता वरून येतात होय!

अक्का : झाली का कुजबुज? तंबोरा लागलाय. उठा.

मामा : अक्का, तू मागे बसतेस. तुला दिसत असेल. शेवटच्या चरणातला तो वरचा सा कोण लावतं गं?

अक्का : मी.

(तंबोऱ्याची एक तार वाजते आणि थांबते.)

भाचा : आई, तू?

अक्का : मग काय करू? एकदा बघते तर दोघंही आ वासून बसलात, घरट्यातली पिल्लं बसतात तसे. आवाज कुठूनच येईना. समोर सगळा हॉल कान टवकारून बसलेला. म्हटलं, पोरं तोंडघशी पडतायत. तंबोऱ्याला माइक होता, त्यातच लावून टाकला. पुढच्या वेळीही तेच. मग वहिवाटच पडली.

मामा : पण एवढा वर? या वयात?

अक्का : वर कुठला? बायकांचा गळा माझा. तुमचा वरचा सा माझ्या मधल्या पट्टीत येतो. तुम्ही शिडी लावून धापा टाकत चढता, तिथे मी चटई टाकून बसलेली असते.

मामा : आणि शिकलीस कधी?

अक्का : अप्पा याला शिकवायचे तेव्हा हा कुणाच्या मांडीवर असायचा? ते गायचे, हा घोरायचा. मग घरी नेऊन मी याच्याकडून घोटून घ्यायचे. तेच याने तुझ्या गळ्यात घातलं.

मामा : म्हणजे तू याची गुरू, हा माझा गुरू. अक्का, तू माझी आजीच झालीस की!

अक्का : तुमचे मेले नातेसंबंध! त्या मुलीचं डोकं फिरवलंत तेवढं पुरे.

भाचा : पण आई, बोलली का नाहीस?

अक्का : तो सूर लागला की तुम्ही डोळे उघडून एकमेकांकडे बघायचात. इतके खूश! म्हटलं, कशाला विरजण घाला.

भाचा : आणि टाळ्या आम्ही खाल्ल्या.

अक्का : हातात तंबोरा असताना मी कुठे घेणार होते टाळ्या? मागच्या वेळी मात्र... तुम्ही दोघं पुढे जाऊन नमस्कार करत होतात, आणि मी उठेपर्यंत पडदा पडला. तेव्हा वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?

मामा : अक्का...

अक्का : तू आधी नाक पूस. आणि मघाशी गाणं सोडायचं काय काढलंयस? सोडून करशील काय? घरात माझं डोकं खाशील.

मामा : पण सा लागत नाही गं.

अक्का : एक सूर लागत नाही म्हणून कुणी घर सोडतं का? बाकीचे सहा आहेत ना शाबूत?

भाचा : मामा, तुम्ही उजवीकडे, मी डावीकडे. आई, तू मधे. माइक तुझ्यापुढे.

अक्का : वेड लागलंय का? माझे केस बघ. घरून मागे बसायच्या तयारीने आलेय मी.

मामा : कंगवा आहे माझ्याकडे.

अक्का : तुझ्याकडे? तुला केस कुठायत?

मामा : आशा आहे, अक्का.

अक्का : आण इकडे. आणि तंबोरा कोण धरणार?

भाचा : आम्ही दोघं, आळीपाळीने.

अक्का : बरं, धरा. बोटं मऊ ठेवा, तारा ओरबाडू नका. आणि वरचा सा आला की तोंडं मिटून बसा.