घडी न मोडलेली सतरंजी

भांडण जिंकून काय मिळतं म्हणता? मी एकदा भंडाऱ्यात सतरंजीवरून जिंकलोय. पुण्याहून शिकून नुकताच दिघोरीला परतलो होतो आणि गावात रोज संध्याकाळी वाचनवर्ग सुरू केला होता. पन्नास माणसं बसतील अशी सतरंजी भंडाऱ्याच्या एका दुकानात सांगून ठेवली; एसटीच्या टपावरून आली ती जेमतेम दहाजणांची. महिन्याभराने ती घेऊन दुकानात गेलो.

"घडी मोडली का माल वापस नाही होत, भाऊ," शेठ म्हणाले.

"चूक तुमची आहे! आणि घडी मोडलेलीच नाही. पाहा, सुतळीसुद्धा तशीच आहे."

"मंग महिनाभर कायले ठेवली?"

"पहिला माणूस आला की अंथरणार होतो."

शेठनी सुतळीची गाठ चाचपली. त्यांचा आवाज उतरला. "म्हणजे कोनीच नाही आलं का जी?"

त्यांनी मोठी सतरंजी काढून समोर ठेवली. "घेऊन जा. तुमचंच बरोबर आहे."

"राहू द्या," म्हणालो आणि लहानच उचलून बसस्टँडवर आलो. बसला वेळ होता. सुतळी सोडली, सतरंजी तिथेच अंथरली आणि एका कडेला बसलो, बाकीच्यांना जागा राहावी म्हणून.