फक्त एवढंच बदला!

...आणि वर म्हणतात, ‘मॅडम, सिनेमा झकास आहे, फक्त एवढंच बदला!’ अहो, ‘एवढंच’ म्हणजे केवढं, ते तुम्हाला सांगतो. मी संकलक, आणि दिग्दर्शिका म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. तिची नायिका आभाळात उडते, माणसं वाचवते. पण प्रत्येक उड्डाणागणिक तिला थोडं कमी ऐकू यायला लागतं. हे ताईला सुचलं कुठून? घरातून! आमच्या आईनं उभा जन्म यंत्रमागांच्या खडखडाटात काढला, आम्हाला वाढवलं आणि कान गमावून बसली. पहिला भाग बघताना आईनं ताईचा हात जो धरला, तो दिवे लागले तरी सोडला नाही.

सिनेमा तुफान चालला... आणि तिथंच घात झाला! दुसऱ्या भागावर कंपनीनं समिती बसवली. तिच्या प्रमुखांना आम्ही ‘फक्तसाहेब’ म्हणायचो. ‘मॅडम, नायिका एकटी पडते हो. फक्त दोन वीर जोडा, त्यांची खेळणी तयार आहेत!’ जोडले. ‘फक्त एक कुत्रा.’ कुत्रा आला. तोही उडणारा! ताई दातओठ खायची, मला म्हणायची, ‘घाल बाबा, काय घालायचं ते घाल. तिचं बहिरेपण तेवढं राहू दे.’

मग एका दुपारी साहेब संकलनाच्या खोलीत हजर. माझ्या खुर्चीच्या पाठीवर रेलून म्हणतात, ‘ते बहिरेपण जरा जड होतंय. फक्त एक यंत्र दाखवा, झाले कान बरे!’

ताई उठलीच. ‘साहेब, तिचं काहीच जाणार नसेल, तर तिनं दिलं काय?’

साहेब इतके गोड हसले म्हणून सांगू... ‘वा! छान प्रश्न आहे. तिसऱ्या भागात घेऊ!’

‘मग माझं नाव काढा.’

‘ते करारात बसत नाही, मॅडम.’

कसला तिसरा भाग घेऊन बसलात? दुसराच असा आपटला, की समितीनं निदान केलं, लोकांना उडणाऱ्या बायका नकोत! आता बोला!

आम्ही आईला घेऊन गेलो, तेव्हा थिएटरात आम्ही तिघं आणि ओळीनं रिकाम्या खुर्च्या. सिनेमा संपला. ताईनं आईच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं विचारलं, ‘कसा वाटला गं?’

‘छान आहे की,’ आई म्हणाली. ‘कुणाचा आहे?’

पडद्यावर नावं सरकत होती, संपता संपत नव्हती. ताई बघत बसली, बघत बसली... आणि म्हणाली, ‘पुष्कळांचा आहे गं.’