रविवारी अकरा ते एक

माझं माहेर कवठे महांकाळकडचं, तिकडं सगळी कोरडवाहू, ज्वारी आन शेरडं, आन मला दिली हिकडं कुंडलच्या अंगाला ऊसाच्या गावात, तवा आई म्हनली हुती, पोरीचं बरं झालं, पान्याला लांब जायला नको. पान्याला न्हाई गेले लांब, ते खरं हाय. पन हे गाव फौजेचं. घरटी एक तरी मानूस फौजेत, आन बायका वाट बघण्यात म्हाताऱ्या हुत्यात. आमचे मालक बी फौजेत, गाडीवर ड्रायवर हुते. वर डोंगरात गाडी दरीत गेली, आन मला तार आली ती तिसऱ्या दिवशी. तीन दिवस मी हिथं कपाळाला कुंकू लावून भाकरी थापत हुते. काय सांगू तुमाला, मानूस गेल्याचं दुःख एक, आन ते तीन दिवस एक. ते तीन दिवस मला अजून खात्यात.

मग जवानाची विधवा म्हनून मला सरकारनं एस्टीडी बूथ दिला. माझं नाव अनुसया, पन बूथ झाला तवापासनं समदं गाव आक्काच म्हनतं. येष्टी स्टँडच्या म्होरं पिवळी पाटी, आत काचंचं खोपाट, भाईर एक लाकडी बाकडं. तवा गावात फोन कुनाकडं हुता? सरपंचाकडं एक, तो बी कुलपात, आन दुसरा माझा. मग फौजेतली पोरं माझ्या नंबरवर फोन करायची, आन मी बायकांना बोलावनं धाडायची. पन बाई रानातनं पळत येईस्तवर तिकडं फोन कटायचा, तिकडं मागं रांग असायची नव्हं. म्हनून मी नेम घातला. रविवारी अकरा ते एक माझ्या फोनवरनं कुनी भाईर फोन लावायचा न्हाई, सरपंच आला तरी न्हाई, फोन मोकळा ठेवायचा, आन बायकांनी यिऊन बाकड्यावर बसायचं. पोरांनी पत्रांतनं एकमेकांना कळवलं, आन बगा, सात वर्सं तो नेम चालला. एकदा लग्नाच्या वऱ्हाडातला एकजन भांडला माझ्याशी, म्हनला दुप्पट देतो, मला आत्ता फोन लावू द्या. मी म्हनलं, बाबा, चौपट दिलास तरी न्हाई. तीच मी. ते ध्यानात ठिवा, म्हंजी म्होरलं कळंल.

कॉम्प्युटर आला तो अलीकडं. पलूसला मानेसर म्हनून कॉम्प्युटर शिकवत्यात, ते म्हनले, आक्का, एस्टीडीचे दिवस भरत आले, आता इंटरनेट यील. मी सातवी शिकलेली. पन मला नवीन गोष्टीची हाव लय, खोटं कशाला बोलू. दोन महिने येष्टीनं जाऊन टायपिंग शिकले, पोरं हसायची, मी म्हनायची हसा रं. मशीन आणलं, त्याला रेशमी कापड शिवलं. आन पयलं काम काय केलं, तर गावातल्या फौजी पोरांची यादी घातली. कोन कुठल्या युनिटात, पत्ता काय, घरात आजारी पडलं तर तार कुठं करायची. आधीची पत्त्यांची वही फाटत आली हुती, ती यादी झाल्यावर बंबात घातली. झालं, समदं गाव त्या मशिनीत. इंटरनेट मात्र त्याच फोनच्या तारंवर चालायचं. कुई कुई वाजून ते एकदा लागलं की फोन बंद, भाईरनं कुनी लावला तर एंगेज. मला ते म्हाईत हुतं. न्हाई म्हाईत असं म्हनायची सोय न्हाई मला.

ह्या उन्हाळ्यात वर सरहद्दीला लढाई सुरू झाली. आमच्या गावची नऊ पोरं वर. त्यातला एक विलास, माझ्या घरामागंच त्याचं घर, लहानपनी माझ्या अंगणात गोट्या खेळलेला. त्याची बायको सुरेखा, पयलटकरीन. पयलं बाळंतपन माहेरी करायची रीत, पन माहेरला फोन न्हाई म्हनून पोरगी गेलीच न्हाई, सासूशी भांडून हिथंच ऱ्हायली. विलासचं पत्र आलं, ते मीच वाचून दाखवलं तिला, तिला येतंय वाचायला पन तिला दुसऱ्याच्या तोंडनं आयकायचं असायचं. त्यात लिहिलं हुतं, पोरगा हुवो का पोरगी हुवो, मी दोनी नावं काढून ठेवल्यात, पत्रात सांगत न्हाई, तू हसशील, अमक्या रविवारी खाली आल्यावर दोन मिनिटं फोन मिळनार हाय, तवा काय झालं ते सांग, मग मी नाव सांगतो. त्या रविवारच्या आधी पाच दिवस तिला मुलगी झाली. बारसं बाराव्या दिवशी, नाव रविवारी येनार. सगळ्या गल्लीला म्हाईत हुतं.

तो रविवार. साडेधाला सुभेदार आबा आले. आबा म्हंजी आमच्या गावचं मोठं मानूस, फौजेच्या इंजिनेर पलटनीतनं रिटायर, सुरुंग काढन्यात हयात गेलेली, उजव्या हाताला तीन बोटं. त्यांचा नातू बी वर. म्हनले, अनुसया, इंटरनेटवर लढाईची बातमी ताजी असती म्हनं, जरा लाव, अकराच्या आत उठतो. मी घड्याळाकडं बघितलं. आन लावलं. सात वर्सांत पयल्यांदा वाटलं, अर्धा तास हाय की. आबांचा चेहरा बघवत नव्हता, त्यांना झोप नव्हती महिनाभर. पन खरं सांगू का, मला बी दाखवायचं हुतं त्यांना, की बगा मला काय काय येतंय.

बातमीची इंग्रजी पानं आबा वाचत हुते, कुठंतरी त्यांनी दाबलं, आन एकदम पडद्यावर लाल चौकोन. आतनं टोंग टोंग आवाज. आबांनी वाचून मला मराठीत सांगितलं. सावधान, तुमच्या कॉम्प्युटरात घातक व्हायरस शिरलाय. मशीन बंद करू नका, टेलिफोनची लाईन तोडू नका, तोडली तर आतलं समदं पुसून जाईल. खाली ओकेचं बटन. मी ओके दाबलं, चौकोन गेला, आन दुसरा आला तसाच. परत दाबलं, परत आला. फुलीवर दाबलं तरी तेच. पडदाच अडकून बसला, दुसरं काय उघडंना, काय मिटंना. वीस येळा दाबलं असंल. त्यात समद्या गावाची यादी, आन वही मी बंबात घातलेली.

आबा म्हनले, थांब. हात काढ. त्यांचा आवाजच बदलला. म्हनले, ज्याला हात लावू नको असं लिहिलंय त्याला हात लावायचा न्हाई, जानकार मानूस येईस्तवर पहारा द्यायचा, पोरं मेल्यात माझ्या डोळ्यादेखत, अक्कल चालवून हात लावला म्हनून. आन खुर्ची वढून ताठ बसले मशिनीम्होरं. मानेसरांना फोन करावा तर फोन त्याच तारंत अडकलेला. सरपंच लग्नाला गेलेले, घराला कुलूप. दुधाचा टेंपो पलूसला चालला हुता, त्याच्याकडं चिठ्ठी दिली. आन आमी दोघं बसलो त्या लाल चौकोनाकडं बघत. आज हसू येईल तुमाला. मला न्हाई येत.

अकरा वाजले तशा बायका यायला लागल्या. मी सांगितलं, आज फोन बंद हाय, मशीन बिघडलंय. कुनी बसल्या, कुनी गेल्या. पावनेबाराला सुरेखा आली. पाच दिवसांची बाळंतीन, कानाला फडकं बांधलेलं, अंगावर शाल, पोरगी छातीशी. सासू मागनं वरडत आलेली, की ओल्या अंगाची भाईर पडली. ती बाकड्यावर बसली न्हाई, सरळ आत आली. तिनं फोन उचलून कानाला लावला, आत ती खरखर. तारंकडं बघितलं, ती फोनमधनं मशिनीत गेलेली. हुशार हाय पोरगी. मला म्हनली,

आक्का, ही तार काढा.

मी आबांकडं बघितलं. आबा मान हलवत न्हाई म्हनले. मी तिला म्हनलं, अगं, समद्या पोरांचे पत्ते त्यात हायती, पुसले तर उद्या कुनाला काय झालं तर कळवायचं कसं, तुझ्या विलासचा बी पत्ता त्यातच हाय. ती म्हनली, त्याचा पत्ता मला पाठ हाय. एवढंच म्हनली. मी तारंवर हात ठेवला हुता, देवाशपथ सांगते, ह्या दोन बोटांत धरली हुती. नुसती वढायची. आन न्हाई वढली. ती एक वाजेस्तवर उभी ऱ्हायली, बस म्हनलं तर बसली न्हाई, मग पोरगी रडायला लागली तशी गेली.

चारला मानेसर आले, फटफटीवरनं, धुळीनं भरलेले. आत आले, चौकोन बघितला, आन भिंतीतनं तारच उपसली. मशीन बंद केलं, परत चालू केलं. चौकोन न्हाई. यादी उघडली, एक अक्षर हललं नव्हतं. सर म्हनले, आक्का, हे खोटं असतंय, व्हायरस न्हाई का काय न्हाई, नुसती पाटी हाय, परदेशातलं कोनतरी असलं करून ठेवतंय, कुनी गंमत म्हनून, कुनी काहीतरी विकायला. असलं आलं की वायर काढायची, मशीन बंद करायचं, झालं. आबा उठले. टोपी घातली आन गेले, ते परत माझ्या बूथवर आले न्हाईत आजतागायत. मी फोन कानाला लावून बघितला, चांगला वाजत हुता. रात पडेस्तवर मी त्याच्याशेजारी बसले. कुनाचाच आला न्हाई.

बुधवारी आला. सकाळी नवाला. तालुक्याच्या हापिसातनं, म्हनले सरपंचांना बोलवा, मी म्हनलं मला सांगा, मी आक्का बोलते. मग त्यांनी सांगितलं. त्याच फोनवर आन माझ्याच कानात. मी रिसीवर ठेवला, चप्पल घालायची विसरले, तशीच विलासच्या दारात गेले. सुरेखा पोरीला तेल लावत हुती. मला बघून म्हनली, फोन आला का? आन मग माझ्या पायांकडं बघितलं, चप्पल न्हाई ते. तिला कळलं. मला सांगावं लागलं न्हाई, येवढी एक दया देवानं केली.

गनपती झाल्यावर त्याचा जोडीदार आला, कराडकडचा पोरगा, हात गळ्यात बांधलेला. सुरेखाच्या घरात बसला, मी बी हुते. तो म्हनला, वहिनी, त्या रविवारी आमी खाली आलो हुतो, विलासनं तीनदा फोन लावला. तीनी येळा एंगेज. विलास हसला, म्हनला, आक्काच्या फोनवर बायकांची गर्दी दिसतीया, म्हंजी गावात समदं बरं हाय. रांगेत मागच्याला पाळी दिली आन म्हनला, म्होरल्या रविवारी लावतो. सुरेखानं इचारलं, नाव काय काढलं हुतं सांगितलं का? तो पोरगा खाली बघून म्हनला, न्हाई वहिनी, म्हनायचा पयलं तिला सांगीन.

काय सांगू तुमाला. राग येतो मला, आन कुनाचा यावा तेच कळत न्हाई. त्या चौकोनवाल्याचा यावा तर तो कोन, कुठला, त्याला काय ठाव आमचं गाव. आबांचा यावा तर ते मानूस आता घरातनं भाईर पडत न्हाई. शेवटाला माझ्यावरच यिऊन थांबतंय. नेम माझा, मोडला मी. तार ह्या बोटांत हुती. ज्या बाईनं तारंपायी तीन दिवस भोगलं, तिनं दुसरीचं हे केलं.

आता मार्गशीर्ष चाललाय. बूथ चालू हाय, मशीन बी हाय, पन इंटरनेटला दुसरी लाईन घेतली. तो लाल चौकोन त्यानंतर चारदा आला. आला की मी वाचत न्हाई, कुनाला इचारत न्हाई, तार काढते. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावलंय, पाटी आली तर घाबरू नका, बटन दाबत बसू नका, तार काढा. यादी वहीत परत उतरवली, विलासचं नाव बी ठेवलंय तसंच.

सुरेखा रविवारी येती. अकराला येती, पोरीला घिऊन, आन फोनजवळच्या खुर्चीवर बसती. पयल्यांदा आली तवा मी म्हनलं, पोरी, तू कशाला येतीस आता? म्हनली, फोन कोन अडवत न्हाई ना ते बघायला. तिच्यासमोर मी फोनला हात लावत न्हाई. फोन आला की ती उचलती आन बाकड्याकडं बघून नाव पुकारती, हिराबाई, तुमचा.

पोरगी सहा महिन्यांची झाली, अजून तिला नाव न्हाई. छकुली म्हनतो. बारसं झालंच न्हाई. ग्रामसेवक चारदा इचारून गेला, रजिस्टरात जागा कोरी हाय. गेल्या रविवारी एक वाजला, बायका गेल्या, सुरेखा उठली आन पोरगी माझ्या मांडीवर ठेवली. आजवर कधी ठेवली नव्हती. म्हनली,

आक्का, नाव तुमच्या फोनवरनं यायचं हुतं. आता तुमीच द्या.

ही माफी हाय का शिक्षा हाय, मला कळत न्हाई. तिलाबी कळत नसंल. मी हो म्हनले न्हाई, न्हाई बी म्हनले न्हाई, संक्रांतीपतोर येळ मागितला. भाकरी थापताना एक नाव काढते, वाटतं हे चांगलं हाय, आन मग वाटतं, हे त्यानं काढलेलं नसंल तर, आन सोडून देते. रोज एक काढते, रोज एक सोडते. पोरगी मात्र लय गुनाची हाय, फोन वाजला की हसती, तोंडाचं बोळकं करून. मांडीवर घिऊन मी तिला म्हनते, लेकरा, उदंड जग. थोडं थांब माझ्यासाठी. देते नाव.