एकविसाव्या जागेवरची तिघं

—मिठाचा नवस गं, दुसरं काय! लेक जन्मली ती वेगळी. 'हे कशानं झालं ते डोळ्यांनी बघत नाही, तोवर मीठ तोंडात घालणार नाही' असं देवाला सांगितलं. अठरा दिवस अळणी जेवले. का? जाऊबाई म्हणाल्या ना — पोटुशी असताना शिलाई मशीन चालवलंस, म्हणून पोर बिघडली! सासूबाईंनी री ओढली. मग आले याच प्रयोगशाळेत, याच बाकावर बसले, तुझ्यासारखीच मांडीवर बाळ घेऊन. तुझ्या हातात आहे ना, तस्साच कागद — सत्तेचाळीस गुणसूत्रं. म्हटलं, वाचलं, आता दाखवा.

तपासणीच्या बाई भल्या. म्हणाल्या, पेशी दुभंगायला निघाली की आतले लांब धागे, म्हणजे हीच गुणसूत्रं, आखडतात, जाड होतात, मधोमध रांग धरतात. मग दोन्हीकडून ओढ लागते — निम्मे इकडे, निम्मे तिकडे. ऐन रांगेत औषध घालून त्यांना थांबवायचं, फोटो काढायचा, कापून उंचीप्रमाणे जोड्या लावायच्या — धुतलेले मोजे लावतो आपण, तशा. एकविसाव्या जागेवर दोघांऐवजी तिघं! इवलीशी! म्हटलं, एवढ्याशांनी माझं घर डोक्यावर घेतलं?

आणि मशीन? मशीनचा काय संबंध! स्त्रीबीजातली जोडी आपण आपल्या आईच्या पोटात असतो तेव्हापासून एकमेकींना धरून थांबलेली असते. सुटायची वेळ येते ती दिवस राहायच्या आधीच; तेव्हा क्वचित सुटतच नाही, दोघी एकाच बाजूला जातात. अशा पोरांत बहुतेकदा असंच झालेलं असतं म्हणाल्या. तेव्हा कुठलं मशीन न् कुठल्या जाऊबाई? घरी गेले, सगळ्यांसमोर चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं अन् मशीनवर बसून ठकीचं झबलं शिवलं — खडखडखड, माडीपर्यंत ऐकू जाईल असं! ठकी म्हणजे माझी लेक. नऊ वर्षांची आहे आता. बटणं लावते, माझ्यापेक्षा घट्ट.

देव? आहे की! रागावेन, पण सोडणार नाही त्याला. खरं सांगू... मिठाच्या आधी एक नवस केला होता मी. हिला घेऊन जा, असा. — हे कुणाला बोलले नव्हते आजवर. पण मग तिनं माझं बोट धरलं, अन् देवाला तोंडावर सांगितलं, ते मागणं परत घेते, पुन्हा ऐकू नकोस.

तू खाली का बघतेस? ...अगं.

रडू नकोस. त्या बघ तुझ्या सासूबाई, चहा घेऊन येतायत. जिना चढलीस म्हणून, अमुक खाल्लंस म्हणून — बोलतील, बोलू देत. त्या पोचायच्या आत बाळाला नीट छातीशी घे, अन् तूही ते मागणं परत घे. आत्ता. घेतेस ना?