पाळण्याचा वायसर

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती आणि माझा एक वायसर, म्हणजे नट-बोल्टाखालची भोकाची चकती, कमी भरत होता. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, त्यांच्या गॅरेजातल्या जुन्या सामानाचे मी रेल्वेचे छोटे डबे बनवते. ऑइल फिल्टरची टाकी, बेअरिंगची चाकं, आणि चाक रुळावरून घसरू नये म्हणून त्याला मोठा लोखंडी वायसर. पेण ते रोहा सगळी लाईन फळीवर मांडलीय. पोरगी रांगती, म्हणून सामान रोज मोजते. त्या दिवशी आठाचे सात भरले.

“आई, छकुलीने वायसर गिळला!” मी तिला उचलून दवाखान्याला निघालेच.

सासूबाई कडाडल्या, “कितीदा सांगितलं गो, फेक ते भंगार! आज सगळं भंगारवाल्याला देते. केवढा व्हता?”

“रुपयाएवढा. मधी भोक.”

त्या पाळण्याकडे बघत हळूच म्हणाल्या, “मी काळ्या दोऱ्यात घालून पाळण्याला बांधलाय, तो तर नाय?”

तोच होता.

“भंगार ना ते? मग नातीच्या पाळण्याला कशाला?”

“लोखंड हाय. पोर दचकत नाय.”

“माझी गाडीपण लोखंडाचीच हाय. आता घरातून एक डबा हलणार नाय!”

वायसर पाळण्यालाच ठेवला, फक्त हात पोचणार नाही इतका वर बांधला. त्यामुळे एक कमीच आहे. तेव्हा ओळखीत सगळ्यांना सांगा, जुने वायसर टाकू नका. आणि कोणाला पाहिजेत विचारलं तर मालकांचं नाव घेऊ नका, माझं सांगा.